गोलाईच्या कडेवर बीडिंग काढताना: सारखे विचारले जाणारे प्रश्न

सरळ लाकडी पट्टीवर बीड काढणं बहुतेकांना लवकर जमतं. कड वळली की प्रश्न सुरू होतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचे जवळजवळ तेच असतात, म्हणून ते एकत्र करून ठेवलेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सांगितली असेल तर त्या प्रश्नाचा नंबर दिलाय, पुन्हा लिहिलेलं नाही.

१. बीड म्हणजे नक्की काय? आणि शेजारची खाच काढलीच पाहिजे का?

बीड म्हणजे कडेजवळ काढलेली अर्धगोल उभार रेघ. ती वरून चिकटवलेली नसते, शेजारचं लाकूड खाली नेलेलं असतं, त्यामुळे बीडचा माथा मूळ पृष्ठभागाच्या पातळीलाच राहतो. शेजारी जी बारीक खाच असते तिच्यात सावली पडते आणि त्या सावलीमुळेच बीड लांबून दिसते. खाच नसेल तर ती नुसती गोल केलेली कड, बीड नव्हे.

मापाचं म्हणाल तर फर्निचरवर ३ ते १० मिमी रुंदीच्या बीड जास्त दिसतात. पूर्ण अर्धगोल हवा तर उंची रुंदीच्या निम्मी, म्हणजे ५ मिमीची बीड अडीच मिमी खोल जाणार आणि खाच साधारण १ ते दीड मिमी रुंद. एका बाजूला खाच असते ती साधी बीड, कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी खाच काढून गोल पूर्ण करता येतो, शेजारी शेजारी बऱ्याच काढल्या की रीडिंग म्हणतात, आणि वेगळी बारीक पट्टी चिकटवून ती कडेबाहेर डोकावत ठेवली की कॉक बीड. शोभा तर आहेच पण उपयोगही आहे, धारदार कोपरा आपटून दबतो आणि तिथलं पॉलिशही आधी उडतं, गोल कोपरा बराच टिकतो.

२. सरळ फळीवर मस्त येते, मग गोलाईवरच का बिघडते?

दोन गोष्टी एकदम बदलतात म्हणून. हत्यार कडेला टेकून चालतं आणि सरळ हत्यार वळलेल्या कडेला नीट टेकत नाही (प्रश्न ५). दुसरं, लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) सरळच राहते पण कड फिरत जाते, त्यामुळे एकाच फटक्यात तुम्ही आधी रेषेबरोबर, मग आडवे, मग रेषेच्या उलट कापत असता (प्रश्न ८). बाकीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या दोनपैकी एकात सापडतं, मला तरी आजवर असंच दिसलंय.

३. सुरुवात करतोय, राउटर घेऊ की हाताचं काही?

किती काढायचंय ते बघा. एकसारख्या दहाबारा खुर्च्या असतील, एमडीएफ असेल, मोठं टेबल असेल तर राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कापणारं मशीन) आणि बेअरिंगवालं बीडिंग बिट, म्हणजे कडेला टेकून चालणारी फिरती कडी असलेलं बीडच्या आकाराचं पातं. एकच आरसा, एकच पेटी, किंवा जुन्या सामानाला जुळणारी बीड हवी असेल तर स्क्रॅच स्टॉक, म्हणजे लाकडी ठोकळ्यात बसवलेलं स्टीलचं छोटं पातं, जे खरवडत खरवडत आकार काढतं. त्याचा खर्च नाहीच्या बरोबर, आवाज नाही, आणि चूक झाली तरी हळूच होते त्यामुळे वेळीच हात थांबवता येतो. राउटरची चूक अर्ध्या सेकंदात होऊन मोकळी.

लाकडी बीडिंग रंधा मात्र गोलाईसाठी विसरा. त्याचा तळ लांब आणि सरळ असतो, तो वळणारच नाही.

तयार हत्यार हवं असेल तर लोखंडी हँड बीडर मिळतात. स्टॅनलीचा ६६ नंबरचा बीडर १८८६ पासूनचा, त्याच्याबरोबर दोन फेन्स (कडेला टेकून हत्यार ठरल्या अंतरावर ठेवणारा भाग) यायचे, एक सरळ आणि एक गोल, म्हणजे गोलाईचा त्रास तेव्हाही हाच होता. आजही त्याच धर्तीचे बीडर बनतात. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, बराचसा माल राउटरने काढा आणि शेवटचा अर्धा मिमी हाताने.

४. स्क्रॅच स्टॉक घरच्या घरी कसा करायचा? पातं कशाचं?

पात्याला जुन्या हातकरवतीचा तुकडा किंवा कार्ड स्क्रॅपर (लाकूड खरवडायची स्टीलची पातळ पट्टी), जाडी साधारण ०.८ ते १ मिमी. करवतीचं स्टील चांगलं कारण ते कानशीने घासता यावं अशाच बेताचं कडक असतं. हल्लीच्या करवतींचे दात वेगळे कडक केलेले असतात, टोकं काळपट निळी दिसतात, तेवढा भाग टाकून द्या, मागचं पातं घासलं जातं.

पात्याच्या कडेला गोल कानशीने अर्धगोल खाचा काढा. चेनसॉ धारेच्या कानशी यासाठी फार सोयीच्या, त्या ४, ४.८ आणि ५.५ मिमी अशा नेमक्या व्यासात मिळतात, म्हणजे ५ मिमीच्या आसपासची बीड हवी तर ४.८ ची कानस निम्मी आत गेली की काम झालं. त्या अर्धगोलाच्या बाजूला जो दात उरतो तो खाच कापणार, त्याला १ ते दीड मिमी रुंद ठेवा आणि टोक अगदी किंचित गोल करा, सुईसारखं ठेवलं तर ते लाकडात ओरखडे पाडतं आणि लवकर बोथट होतं. कानस पात्याला काटकोनात धरायची, हे महत्त्वाचं. काटकोनी धार दोन्ही दिशांना कापते, आणि गोलाईवर दिशा बदलायचा पर्याय हातात असणं ही अर्धी लढाई आहे. घासून झालं की पात्याच्या दोन्ही सपाट बाजू दगडावर घासून कडेला आलेली भुरी (धातूची बारीक कुसळ) काढा. साध्या कार्ड स्क्रॅपरसारखी धार वळवायची गरज नाही.

ठोकळा इंग्रजी एल आकाराचा, कठीण लाकडाचा. एलच्या एका बाजूत करवतीने चीर पाडा, पातं त्यात सरकवा, दोन स्क्रूने आवळा. पातं प्रोफाइलच्या (काढायच्या आकाराच्या) खोलीएवढंच बाहेर ठेवायचं.

वापरताना पातं ढकलायच्या दिशेला थोडं झुकवा, दाब कमी. एकदम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ नका, लांबच्या टोकाला आखूड फटके मारा आणि हळूहळू मागे या, खाच एकदा पडली की तीच पात्याला धरून ठेवते, मग लांब फटके मारायला हरकत नाही. थांबायचं कधी, हे बघून कळतं. बीडच्या माथ्यावर मूळ रंधलेल्या पृष्ठभागाची एक सपाट चकचकीत पट्टी दिसत असते, ती फटक्यागणिक बारीक होत जाते, केसाएवढी होते आणि नाहीशी होते. नाहीशी झाली की थांबा.

५. फेन्स सरळ चालेल का गोलच हवा? थोडीच तर गोलाई आहे.

थोडी म्हणजे किती ते मोजू, कारण इथे डोळा फसवतो. समजा खोलगट कड आहे, त्रिज्या ३०० मिमी, आणि तुमचा फेन्स १०० मिमी लांब सरळ आहे. तो दोन टोकांवर टेकणार आणि मधे, जिथे पातं आहे तिथे, कड फेन्सपासून ४ मिमीहून जास्त लांब राहणार. म्हणजे ५ मिमीची बीड जवळजवळ कडेवरून खाली पडली. तोच फेन्स ३० मिमीचा केला तर फट साधारण ०.४ मिमी, आणि फेन्सला गोल फुगवटा देऊन तो बरोबर पात्यासमोर टेकेल असं केलं तर फट शून्य.

म्हणून खोलगट कडेला फुगीर फेन्स लागतोच, आणि त्याची गोलाई तुमच्या कामातल्या सगळ्यात आवळ वळणापेक्षा जास्त आवळ हवी. टेकण्याचा बिंदू आणि पातं एका रेषेत हवेत, पातं पुढेमागे बसलं असेल तर फेन्स गोल करून काही उपयोग नाही.

फुगीर कडेला सरळ फेन्स चालतो, तो तसाही एकाच जागी टेकतो, पण हत्यार जरा फिरलं की टेकण्याची जागा पात्यापासून सरकते आणि बीड कडेकडे ओढली जाते. त्यामुळे नागमोडी कामाला, जिथे फुगीर आणि खोलगट लागोपाठ येतं, एकच फुगीर फेन्स वापरा आणि दुसऱ्या हाताचं बोट फेन्सजवळ कडेला टेकवून हत्यार डुलू देऊ नका. सवय व्हायला थोडा वेळ लागतो, आधी टाकाऊ तुकड्यावर करा.

६. फेन्स गोल केला, तरी बीड कुठे जाड कुठे बारीक दिसते. का?

कड जशी, बीड तशी. फेन्स असो वा बेअरिंग, दोघंही कडेची नक्कल करतात, जिगसॉने राहिलेला प्रत्येक उंचवटा बीडमध्ये उतरतो आणि खाचेची सावली तो आणखी उठून दाखवते. कापलेली कड डोळ्याला ठीक वाटते, डोळ्यावर जाऊ नका, डोळे मिटून बोटं फिरवा, बोटांना कळतं.

फुगीर कड स्पोकशेव्हने (दोन मुठींचा छोटा रंधा), मोठी गोलाई असेल तर कंपास रंध्याने (तळ वाकवता येणारा रंधा) गुळगुळीत करा. खोलगट कडेला गोल तळाचा स्पोकशेव्ह किंवा त्याच गोलाईचा ठोकळा करून त्यावर पॉलिश पेपर. एक पातळ लवचिक पट्टी कडेला वाकवून लावली की कुठे फट राहते ते दिसतं. मग गुण्या लावून कड पृष्ठभागाला काटकोनात आहे का तेही बघा, कारण कड कलती असेल तर फेन्स वर टेकतो की खाली यावर बीड सरकते, आणि हे कुणी तपासत नाही. यात वेळ गेला तर जाऊ द्या, बीड काढायला त्याच्या पाव वेळही लागत नाही.

७. मला बीड समोरच्या बाजूला नको, फळीच्या जाडीवर हवी. तेच सगळं लागू होतं का?

नाही, इथे गणित उलटं होतं. समोरच्या बाजूवर बीड काढताना फेन्स वळलेल्या कडेला टेकतो, म्हणून फेन्स गोल करायचा. जाडीवर काढताना फेन्स सपाट बाजूला टेकतो, तो सरळ असला तर उत्तमच, पण हत्याराचा तळ आता वळलेल्या कडेवर चालतो. खोलगट कडेवर सपाट तळ दोन टोकांवर अडकतो आणि पातं लाकडाला पोचतच नाही. लोक मग पातं अजून बाहेर काढतात, आणि पुढे गोलाई कमी झाली की ते खोल घुसतं. तळाला फुगवटा द्या, ५ व्या उत्तरातलंच माप इथे तळाला लावा.

कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना खाच असलेली बीड हवी असेल तर दोन्ही बाजूंनी काम होणार, म्हणजे फेन्स पण गोल आणि तळ पण गोल. तिथे मी दोन वेगळे स्क्रॅच स्टॉक करतो, एकातच सगळं बसवायला गेलं की कुठेच धड टेकत नाही.

८. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला ढलप्या उडतात, धार तर एकच आहे ना?

धार एकच, रेषा वेगळी. एक गोल चकती घ्या, रेषा डावीकडून उजवीकडे. वरच्या आणि खालच्या बिंदूला कड रेषेला समांतर आहे, डाव्या उजव्या टोकाला एंड ग्रेन, म्हणजे तंतूंची कापलेली टोकं. वरच्या बिंदूपासून डाव्या टोकाकडे गेलात तर तुम्ही उतारावरून जाताय, तंतू दाबले जातात आणि कापणी साफ येते. त्याच दिशेने पुढे डाव्या टोकापासून खालच्या बिंदूकडे गेलात तर तुम्ही चढ चढताय, पातं तंतूंच्या टोकाखाली शिरतं आणि ढलपी उचलते. चार पाव भागांपैकी समोरासमोरचे दोन चांगले, दोन वाईट, असं प्रत्येक गोल कामात होणार.

नियम सोपा आहे, फुगीर कडेवर उंच जागेपासून टोकांकडे, खोलगट कडेवर टोकांपासून मधल्या खोल जागेकडे. हाताच्या हत्याराने हे जमतं कारण दिशा बदलता येते, पातं दुसरीकडे झुकवा आणि उलट ढकला. दोन दिशा जिथे भेटतात तिथे दोन्हीकडून थोडं थोडं पुढे जाऊन मिसळवा, एकदम त्या रेषेवर थांबलात तर तिथे गाठ दिसते.

रेषा फार वेडीवाकडी असेल तर आधी खाचेची रेघ सुरीने कापून घ्या. कटिंग गेजला (कडेला समांतर रेघ कापणारं हत्यार) छोटा गोल फेन्स लावून किंवा पात्याच्या कंपासने रेघ मारली की वरचे तंतू तुटलेले असतात, मग ढलपी उडाली तरी त्या रेघेपाशी थांबते, बीडमध्ये शिरत नाही. आडव्या रेषेच्या भागात तर हे न करता पुढे जाऊच नये असं मी म्हणेन.

९. राउटर कुठल्या दिशेने फिरवायचा?

हातातल्या राउटरने बाहेरची कड घड्याळाच्या काट्याच्या उलट, फ्रेमच्या आतली कड काट्याच्या दिशेने. राउटर टेबलवर बिट खालून येतं म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे. अशा दिशेत बिट तुमच्या ढकलण्याला विरोध करतं आणि राउटर ताब्यात राहतो. उलट दिशेने नेलं तर बिट चाकासारखं कडेवर धावतं आणि मशीन हातातून ओढलं जातं.

अडचण अशी की हीच दिशा चारपैकी दोन भागांत रेषेच्या उलट पडते (प्रश्न ८), आणि राउटरची दिशा तुम्ही हातहत्यारासारखी मनाला येईल तशी बदलू शकत नाही. त्या दोन भागांत खोली कमी ठेवा, पास (फेऱ्या) वाढवा. अनुभवी माणसं शेवटचा अगदी हलका पास, अर्धा मिमीच्या आत, उलट दिशेने घेतात, त्याने कड साफ येते हे खरंय. पण लाकूड घट्ट क्लॅम्प केलेलं, दोन्ही हात मशीनवर, आणि राउटर टेबलवर हातात सुटा तुकडा धरून कधीच नाही. मला विचाराल तर त्या दोन भागांत शेवटचं काम स्क्रॅच स्टॉकला द्या, तो धोका घ्यायची गरजच उरत नाही.

१०. बीडवर जळल्याचे काळे डाग येतात, बिट नवीन आहे तरी.

बहुतेक वेळा तुम्ही गोलाईवर हात मंदावता म्हणून. वळणावर माणूस आपोआप हळू होतो, बिट त्याच जागी घासत राहतं आणि लाकूड तापतं. एंड ग्रेनच्या भागात जास्त. सगळी खोली एकदम घेऊ नका, दोन किंवा तीन पास करा, म्हणजे हात न अडकता एका वेगात फिरतो. बिटवर साचलेला चिकट राळेचा थर साफ करा, बेअरिंग मोकळं फिरतंय का बघा, ते अडकलं की बिटबरोबर फिरून कडेला स्वतःच रेघ जाळतं. मोठ्या व्यासाच्या बिटला वेग कमी ठेवायचा असतो, तो बिटच्या पाकिटावर लिहिलेला असतो. आलेला डाग पेपरने घालवायला गेलात तर बीडचा आकार जातो, अगदी हलका स्क्रॅच स्टॉकचा फटका मारा.

११. आतल्या छोट्या वळणात बिट पोचत नाही. छोटं बेअरिंग लावू का?

बेअरिंगच्या त्रिज्येपेक्षा आवळ वळणात ते जाणारच नाही. बेअरिंगचा व्यास १२.७ मिमी असेल तर ६.३५ मिमीच्या खालच्या त्रिज्येचं वळण त्याला बंद. छोटं बेअरिंग बसवता येतं पण बिट तेवढंच लाकडात आत सरकतं, मग बीड आपल्या जागेवरून हलते आणि कडेला एक जास्तीची पायरी उरते. काही वेळा ती पायरी चांगली दिसते, पण मग सगळ्या कडेला तीच ठेवा, नुसती वळणात नको. नाहीतर एवढा भाग पटाशी आणि छोट्या गोल पटाशीने हाताने कोरून दोन्हीकडच्या बीडला जोडून घ्या.

धारदार आतला कोपरा असेल तर तेच. राउटर तिथे गोल वळणार, कोपरा हातानेच, दोन बीड ४५ अंशात भेटतील असा कोरायचा. आधी कोपऱ्याची तिरकी रेघ सुरीने मारा, मग खाचा, बीडचा गोल सगळ्यात शेवटी.

१२. बिट पूर्ण जाडी खाऊन टाकतं, बेअरिंगला टेकायला कडच उरत नाही.

मग खालून टेम्पलेट लावा. ६ किंवा ९ मिमीच्या एमडीएफमधून त्याच गोलाईचं टेम्पलेट कापा, कड ६ व्या उत्तरात सांगितल्यासारखी गुळगुळीत करा, दुहेरी टेपने किंवा न दिसणाऱ्या बाजूने स्क्रूने लावा. बेअरिंग टेम्पलेटवर चालेल, बिट लाकडावर. पहिल्या पासला कड थोडी शिल्लक आहे म्हणून टेम्पलेटशिवाय चालवून घेणारे आहेत, दुसऱ्या पासला बेअरिंगखालचं लाकूड गेलेलं असतं आणि राउटर आत बुडतो.

राउटर टेबलवर गोल काम करताना सरळ फेन्स काढावाच लागतो. तेव्हा स्टार्टर पिन (बिटजवळ टेबलात बसवायची टेकण्याची खुंटी) लावा, लाकूड आधी पिनला टेकवून हळूच बिटकडे वळवा. अगदी छोटे तुकडे बिटजवळ हातात धरूच नका, मोठ्या फळीवर प्रोफाइल काढून मग तुकडा कापा. आणि मास्क लावा, लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलंय.

१३. गोल आरशाची फ्रेम तुकडे जोडून केलीय. जोडावर बीड फाटते.

अपेक्षितच आहे, कारण प्रत्येक जोडावर रेषा एकदम दिशा बदलते. आठ तुकड्यांची फ्रेम असेल तर तुकड्याच्या मधोमध कड रेषेला समांतर असते आणि जोडापाशी साडेबावीस अंशांनी तिरकी, सहा तुकड्यांत तीस अंश. त्यामुळे तुकडे वाढवले की त्रास कमी, म्हणून मी आठच्या खाली जात नाही.

काढताना बाहेरच्या कडेवर प्रत्येक तुकड्याच्या मध्यापासून जोडाकडे जा, दोन्हीकडून. आतल्या कडेवर उलट, जोडापासून मध्याकडे. म्हणजे आठ तुकड्यांत सोळा छोटे टप्पे, ऐकायला कटकट वाटते पण एक फेरी झाली की हात स्वतःच वळायला लागतो. जोडातला जादा गोंद आधी खरवडून टाका, वाळलेला गोंद पात्याची धार खातो आणि हत्यार तिथे उडी मारतं.

१४. प्लायवूडवर किंवा एमडीएफवर बीड काढता येईल?

एमडीएफवर राउटरने फार छान निघते, रेषाच नाही म्हणून चारही भाग सारखे. स्क्रॅच स्टॉक तिथे नको, कापसासारखं फुलतं. कापलेला भाग रंग फार पितो, प्रायमर किंवा पातळ लाख-पॉलिशचा हात द्या, वाळल्यावर हलका पेपर, मग रंग.

प्लायवूडवर थर दिसतात आणि आडव्या थराचे तुकडे उडतात, तिथे नको. गोल कडेला आधी घट्ट लाकडाची लिपिंग (कडेवर लावायची पट्टी) चिकटवा, बीडची रुंदी अधिक खाच मावून थोडी उरेल इतकी जाड, आणि बीड त्या लिपिंगमध्ये काढा.

१५. सरळ पट्टीवर बीड काढून ती गोलाईला वाकवून लावली तर?

मोठ्या त्रिज्येला आणि बारीक पट्टीला चालतं. पण वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि खाच हीच पट्टीतली सगळ्यात कमजोर जागा असल्याने पट्टी तिथूनच चिरते किंवा पिळते. माझा आग्रह असा की आधी वाकवा, मग बीड काढा.

वाकवायचे दोन मार्ग आहेत. दीड दोन मिमीचे पातळ थर फर्म्यावर (वळणाच्या साच्यावर) गोंदाने एकत्र दाबून लॅमिनेट करा, किंवा वाफ द्या. वाफेला २५ मिमी जाडीला साधारण एक तास असा अंदाज धरतात, आणि भट्टीत वाळवलेल्या लाकडापेक्षा हवेवर वाळलेलं लाकूड नीट वाकतं. फर्म्यातून काढल्यावर ते थोडं परत उघडतं म्हणून फर्मा जरा जास्त आवळ ठेवा. वाकवलेल्या पट्टीचा मोठा फायदा हा की रेषा कडेबरोबरच वळलेली असते, म्हणजे ८ व्या प्रश्नातला सगळा त्रास जवळजवळ संपतो. कॉक बीडला हा मार्ग उत्तम.

१६. पाइनवर स्क्रॅच स्टॉक चालतच नाही, नुसतं कुसळ उठतं. सागवानावर?

मऊ लाकूड खरवडलं जात नाही, दबतं आणि फाटतं. तिथे धारदार बिट किंवा पटाशीच. स्क्रॅच स्टॉकला घट्ट, बारीक पोताचं लाकूड आवडतं, शिसम, महोगनी, अक्रोड, मेपल. सागवानावर छान येते पण त्यात सिलिका असते, पातं पटकन बोथट होतं, मधे मधे दोन्ही सपाट बाजू दगडावर घासत राहा. भुग्याऐवजी बारीक कुरळे छिलके निघताहेत तोवर धार आहे असं समजा.

एंड ग्रेनचा भाग कुठल्याही लाकडात भुरभुरीत येतो. त्यावर पातळ लाख-पॉलिशचा एक हात द्या, वाळू द्या, तंतू कडक होतात, मग दोन हलके फटके मारा. फरक लगेच दिसतो.

१७. बीडला पेपर कसा मारायचा? मारला की सगळं बोथट दिसतं.

शक्यतो मारूच नका. पात्याखालून आलेला पृष्ठभाग पॉलिशला तयार असतो, मूठभर रंध्याचे छिलके घेऊन घासले की चमकही येते. मारायचाच असेल तर कॉर्क किंवा रबराच्या तुकड्यात बीडच्या उलट आकाराची खोबण करा, २४० चा पेपर त्यात बसवा, आणि फक्त बीडच्या गोलावर फिरवा. बोटाखाली पेपर धरला की खाचेच्या कडा गेल्या, आणि त्या गेल्या की सावली गेली. खाचेत घडी घातलेल्या पेपरची फक्त धार, तीही एकदाच.

१८. लंबगोल टेबल आहे. आतल्या बाजूची बीडची रेघ दोरीने दुसरा लंबगोल आखून काढू का?

नको. लंबगोलाच्या आत समान अंतरावरची रेघ लंबगोल नसते, दुसरा लंबगोल आखलात तर टोकांना आणि बाजूंना अंतर वेगळं पडेल आणि बीड मधेच रुंद होईल. बाहेरची कड नेमकी आखून गुळगुळीत करा आणि बाकी फेन्सवर सोडा, तो सगळीकडे तेच अंतर ठेवतो. टोकांना वळण आवळ असतं, ते मोजा. टेबलच्या मधे कापलेला लंबगोल असेल आणि त्याच्या आतल्या कडेला बीड हवी असेल तर फेन्सची गोलाई त्या टोकांवरून ठरवा, बाजूंवरून नाही.

१९. जुन्या खुर्चीच्या गोल कडेची बीड एका जागी तुटलीय. बाजारातल्या कुठल्याच बिटने जुळत नाही.

जुळणारही नाही. ती मुळात हाताने काढलेली असणार आणि वर इतकी वर्षं हात घासून माथा चपटा झालेला असणार. तिथे अर्धगोल नवी बीड बसवली तर लांबूनही वेगळी दिसेल. पातं त्या झिजलेल्या आकाराला घासायचं. चांगल्या राहिलेल्या भागावर जाड कागद कापून कापून आकार जुळवा, तो पात्यावर उतरवा, कानशीने थोडं थोडं घासत पातं प्रत्यक्ष बीडवर टेकवून उजेडासमोर धरा, फट दिसायची बंद झाली की झालं.

तुटलेल्या जागी त्याच जातीचं, रेषा जुळणारं लाकूड चिकटवा, सांधा तिरका ठेवा म्हणजे कमी दिसतो, आणि तुकडा सगळ्या बाजूंनी थोडा उंच. गोंद पूर्ण वाळल्यावर स्क्रॅच स्टॉक जुन्या बीडवर टेकवून सुरू करा, तिथे काहीच कापलं जाणार नाही, तीच खाच वाट दाखवेल, आणि नव्या तुकड्यावर पातं आपोआप त्याच रेषेत उतरेल. जुन्या भागावर दाब देऊ नका, तिथलं पॉलिश वाचवायचंय. नवा तुकडा भिडला की हात थांबवा आणि पॉलिश जुळवायला घ्या.